साडेसतरा लाखांचा हिशेब

सन १९६४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस डॉ. होमी जहांगीर भाभा यांचें आकाशवाणीवर एक भाषण झालें. तो संयुक्त राष्ट्रांचा दिन होता आणि भाषणाचा हेतु जगांतील शस्त्रसंन्यासाचा पुरस्कार करणें हा होता. परंतु त्यांतील शस्त्रसंन्यासाचा भाग फार थोड्यांच्या स्मरणांत राहिला. राहिला तो एक आकडा. दहा किलोटनांचा, म्हणजे दहा हजार टन साध्या स्फोटकाच्या तोडीचा, एक अणुस्फोट घडवावयाचा तर त्यास साडेसतरा लाख रुपये खर्च येतो, असें भाभांनीं सांगितलें. वीस लक्ष टनांच्या तोडीच्या स्फोटास तीस लाख. आणि दहा किलोटनांच्या पन्नास बाँबांचा सांठा करूं म्हटलें तर दहा कोटींच्या आंत काम भागावें. हे आकडे त्यांच्या मनचे नव्हते. कालवे व बंदरें खोदण्यासाठीं अणुस्फोट वापरण्याची जी योजना अमेरिकेनें आंखली होती, तिच्या दरपत्रकांतून ते उचललेले होते.

ऐकणाऱ्यांचे कान त्या वेळीं फारच तीक्ष्ण झालेले होते. चीननें आठच दिवसांपूर्वीं, १६ ऑक्टोबरला, आपला पहिला अणुबाँब उडविला होता आणि १९६२ च्या पराभवाची जखम अजून भरून आलेली नव्हती. अशा वेळीं देशाच्या अणुशक्ति मंडळाचा अध्यक्षच जर बाँबची किंमत लाखांत सांगूं लागला, तर त्याच्या पुढच्या-मागच्या वाक्यांकडे लक्ष कोण देणार! तो आकडा सभासभांतून फिरला, वर्तमानपत्रांतून फिरला आणि २७ नोव्हेंबर रोजीं लोकसभेंत अणुबाँबवर वादविवाद झाला तेव्हां तेथेंहि तो जाऊन पोंचला.

भाभांचा आकडा खोटा नव्हता. पण तो कशाचा होता हें पाहिलें पाहिजे. कंधारचा भुईकोट किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें समजण्यास वेळ लागणार नाहीं. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांवाजलेलें तें गांव. किल्ल्याभोंवतीं पाण्याचा रुंद खंदक, आंत दुहेरी तट आणि बुरूज. अशा किल्ल्याच्या बुरजावरील तोफेची किंमत कोणी विचारली आणि कारभाऱ्यानें केवळ ओतलेल्या धातूचें वजन करून भाव सांगितला, तर तो भाव धातूपुरता बरोबरच असेल. पण बुरूज कोणाच्या पैशानें उठला, खंदक कोणीं खणला, दारूखाना कोणीं भरला आणि तोफेजवळ बारा महिने उभे राहणारे गोलंदाज कोणाच्या धान्यावर जगले, हें त्या भावांत येत नाहीं. साडेसतरा लाखांत तुर्भ्याची अणुभट्टी नव्हती, तिच्या जळणांतून प्लुटोनियम वेगळें काढणारा कारखाना नव्हता, आणि वीस वर्षें तयार होत आलेलीं माणसेंहि नव्हतीं. हें सारें अगोदरच उभें होतें म्हणून तो आकडा एवढा लहान दिसला. तें उभें कसें राहिलें, हाच या इतिहासाचा खरा विषय आहे.

युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो हें जर्मनींत ऑटो हान व स्ट्रासमन यांच्या प्रयोगांतून १९३८ च्या अखेरीस दिसून आलें आणि लीझे माइटनर व तिचा भाचा फ्रिश यांनीं त्याचा अर्थ लावला. त्या सुमारास केंब्रिजहून सुटीवर आलेले भाभा युद्धामुळें हिंदुस्थानांतच अडकले. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत काम करीत असतां त्यांनीं मार्च १९४४ मध्यें टाटांच्या विश्वस्तनिधीला एक पत्र लिहिलें. अणुशक्तीपासून वीज निघूं लागेल तेव्हां, म्हणजे दोनेक दशकांनीं, हिंदुस्थानाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागूं नयेत, ते घरींच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हां सव्वा वर्षाहून अधिक अवधि होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भाभांच्या मनांत प्रथम आली ती वीज. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधनसंस्था स्थापन झाली आणि वर्षअखेरीस ती मुंबईंत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यांत आली. तो बंगला भाभांच्या आप्ताचा होता. तोंवर ६ आणि ९ ऑगस्ट हे दिवस होऊन गेले होते आणि अणु या शब्दाचा अर्थ सर्व जगाला बदलला होता.

स्वातंत्र्य येतांच अणुशक्तीचा कायदा करण्याची घाई झाली. ६ एप्रिल १९४८ रोजीं घटनासमितीपुढें पंडित नेहरूंनीं विधेयक ठेवलें. त्यांत संशोधनाच्या गुप्ततेचीं कलमें फार कडक होतीं. म्हैसूरचे सभासद एस. व्ही. कृष्णमूर्ति राव यांनीं एक साधी शंका काढली. ब्रिटनमध्यें गुप्ततेचें बंधन संरक्षणाच्या कामापुरतें आहे, मग आपल्या येथें तें शांततेच्या कामालाहि कां लागावें? नेहरूंनीं दिलेलें उत्तर त्यांच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखें होतें. या दोहोंत भेद कसा करावा हें आपल्याला ठाऊक नाहीं, अशी त्यांनीं कबुली दिली. विधेयक मंजूर झालें. ती शंका मात्र कायमची निरुत्तर राहिली, आणि पुढच्या पन्नास वर्षांतील प्रत्येक वाद पाहिला तर त्याच्या बुडाशीं हीच शंका सांपडते.

अणुशक्ति मंडळाची स्थापना १० ऑगस्ट १९४८ रोजीं झाली. भाभा अध्यक्ष, आणि कृष्णन् व भटनागर हे दोन सभासद. असे अवघे तिघे. त्या दिवशीं कंधार आणि सारा मराठवाडा अजून निजामाच्या राज्यांत होता. रझाकारांच्या धास्तीनें गांवेंच्या गांवें रात्रभर जागत होतीं; हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या त्या १३ सप्टेंबरला आणि निजाम शरण आला तो १७ तारखेला. म्हणजे मराठवाडा स्वतंत्र होण्याच्या सव्वा महिना अगोदर त्याच्या नव्या देशाचा अणुकारभार सुरूं झालेला होता. तेथल्या माणसाला त्याची वार्ताहि नव्हती, आणि असती तरी त्या श्रावण-भाद्रपदांत तिचें त्याला काय होतें?

तुर्भे, ज्याला इंग्रजी अमदानीपासून ट्रॉम्बे म्हणतात, तेथें खाडीच्या कांठीं, डोंगराच्या पायथ्याशीं १९५४ सालीं अणुशक्तीचें केंद्र उभारूं लागलें. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही पहिली भट्टी पेटली. तिचें आराखड्यापासून बांधणीपर्यंतचें काम येथल्याच लोकांनीं केलें. जळण मात्र ब्रिटननें दिलें. दुसरी भट्टी या कथेंत अधिक महत्त्वाची. ती कॅनडानें दिली, तिच्यासाठीं लागणारें २१ टन जड पाणी अमेरिकेनें दिलें, म्हणून तिचें नांव ‘सायरस’. ती १० जुलै १९६० रोजीं चालूं झाली. कॅनडाच्या अणुकार्याचे प्रमुख लुइस हे भाभांचे केंब्रिजपासूनचे स्नेही. ब्रिटनचे कॉक्रॉफ्टहि तसेच. भाभांच्या यशांत त्यांच्या बुद्धीइतकाच या जुन्या मैत्रीचा वांटा आहे. ही भट्टी केवळ शांततेच्या कार्यास वापरली जाईल असें करारांत लिहिलें होतें. परंतु तशी ती वापरली जाते कीं नाहीं हें पाहण्याची तजवीज मात्र करारांत नव्हती.

अशी भट्टी चालते कशी? साध्या युरेनियमच्या कांड्या जड पाण्यांत उभ्या करून ठेवतात. युरेनियमचा एक विरळ प्रकार दुभंगतो आणि उष्णता देतो. दुसरा जो विपुल प्रकार, तो दुभंगत नाहीं. तो सुटे न्यूट्रॉन गिळतो आणि हळूहळू प्लुटोनियम बनतो. म्हणजे भट्टींतील राखेंतच नवें जळण तयार होतें. पण तें राखेंतून वेंचावयाचें कसें? कांड्या इतक्या किरणोत्सर्गी झालेल्या असतात कीं माणसानें त्यांच्याजवळ उभें राहणेंहि शक्य नसतें. त्या आम्लांत विरघळवून, जाड भिंतींच्या पलीकडून यंत्रांच्या हातांनीं प्लुटोनियम अलग करावें लागतें. हा कारखाना तुर्भ्यास होमी सेठना यांच्या देखरेखीखालीं बांधला गेला आणि १९६४ च्या मध्यावर त्यांत सायरसच्या कांड्या पडूं लागल्या. सायरसमधून वर्षाकांठीं नऊ-दहा किलो प्लुटोनियम निघूं शके. यांतील एकहि गोष्ट बाँबच्या नांवानें बांधलेली नव्हती. प्लुटोनियम पुढें वीज निर्माण करणाऱ्या भट्ट्यांस लागणार होतें, अशी भाभांची योजना होती आणि ती खरीहि होती. पण ऑक्टोबर १९६४ मध्यें ‘ठरविल्यास अठरा महिन्यांत आम्ही स्फोट करूं शकूं’ अशा अर्थाचें जें ते बोलले, तें याच कारखान्याच्या बळावर. वीज आणि बाँब यांचा मार्ग एकच आहे; फांटा फुटतो तो अगदीं शेवटच्या टप्प्यावर.

ही गोष्ट आरंभींच ओळखणारा एक माणूस भाभांच्या स्वतःच्या संस्थेंत बसलेला होता. पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यांत जन्मलेले, अमेरिकेंत शिकलेले गणिती. भाभांनींच त्यांना टाटा संस्थेंत आणलें. कोसंबी राहत पुण्यास आणि डेक्कन क्वीननें मुंबईस जात. जागतिक शांततेच्या चळवळींत ते आघाडीवर होते आणि अणुशक्तीविषयीं त्यांचें मत भाभांच्या अगदीं उलट होतें. ते मत त्यांनीं दडविलें नाहीं. १९६० सालीं पुण्यास दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं विचारलें तें थोडक्यांत असें: जो देश वर्षांतले आठ महिने रखरखीत उन्हांत भाजून निघतो, त्यानें सूर्य सोडून अणूच्या मागें कां लागावें? अणुवीज स्वस्त दिसते कारण तिची खरी किंमत सरकारी मदतीच्या आड झांकलेली असते. ऊन मात्र खेड्याखेड्यांत फुकट पडतें आणि त्याला मोठ्या मध्यवर्ती कारखान्याची गरज नाहीं.

कोसंबींचें म्हणणें त्या काळीं अव्यवहारी ठरविलें गेलें, आणि त्या वेळच्या साधनांकडे पाहतां तें अव्यवहारी होतेंहि. उन्हापासून वीज काढण्याची युक्ति तेव्हां फार महाग होती. १९६२ सालीं त्यांना संस्था सोडावी लागली. आज कंधारकडे वैशाखांत जमीन तडकूं लागते तेव्हां मराठवाड्याच्या शेतांतून काळ्या कांचेचीं पटलें उन्हांकडे तोंड करून उभीं दिसतात आणि विहिरीचें पाणी वर येतें. गणिती माणसाला एवढा पुढचा अंदाज येतो, पण त्याचें श्रेय घेण्यास तो बहुधा हयात नसतो. येथें कोसंबी आणि भाभा यांच्यांत कोण मोठा हें ठरविण्याचें कारण नाहीं. दोघेहि हिशेबाचेच गोष्टी करीत होते. एक सांगत होता कीं वस्तु केवढ्यास पडते, आणि दुसरा विचारीत होता कीं कोणत्या वहींत काय लिहिलेलें नाहीं.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं १९६४ च्या वादविवादांत बाँबला विरोध केला, परंतु डोंगर फोडण्यासारख्या शांततामय स्फोटाचें संशोधन करण्यास वाव ठेवला. संरक्षण खातें तेव्हां यशवंतराव चव्हाणांकडे होतें. या मधल्या वाटेनें कोणाचेंच समाधान झालें नाहीं, पण तुर्भ्याचें काम पुढें सरकलें. मग १९६६ साल उजाडलें. ११ जानेवारीस शास्त्री ताश्कंद येथें वारले. २४ जानेवारीस भाभांचें ‘कांचनगंगा’ विमान युरोपांतील माँ ब्लाँ शिखरावर आदळलें. २९ जूनला पुण्यास कोसंबीहि गेले. अणुविषयीं उघड बोलणारीं दोन्ही तोंडें सहा महिन्यांच्या आंत मिटलीं.

भाभांच्या जागीं विक्रम साराभाई आले. ते अहमदाबादच्या गिरणीमालकाचे चिरंजीव. बाँबच्या किंमतीचा प्रश्न पुढें आला तेव्हां त्यांनीं दाखला दिला तोहि गिरणींतलाच. दोन वार कापडाची किंमत काय, असें विचारून भागत नाहीं. तेवढेंच कापड विणावयाचें असलें तरी माग आणि गिरणी ही लागतेच, असा त्यांचा रोख होता. साडेसतरा लाखांना इतकें नेमकें उत्तर दुसऱ्या कोणीं दिलें नाहीं. साराभाईंनीं स्फोटाच्या अभ्यासाला थांबविण्याची आज्ञा दिली. पण तो अभ्यास पुरता थांबला नाहीं. १९६७ पासून राजा रामण्णा यांच्या सांगण्यावरून चिदंबरम् हे प्लुटोनियमवर अतिशय मोठा दाब पडला असतां तें कसें वागतें याचें गणित मांडूं लागले. अय्यंगार रशियांत एक निराळी भट्टी पाहून आले आणि तशीच ‘पूर्णिमा’ नांवाची भट्टी तुर्भ्यास बांधली गेली. तिच्यांत देशांत तोंवर जमलेलें बहुतेक प्लुटोनियम भरावें लागलें. १८ मे १९७२ रोजीं ती चालूं झाली. साराभाई त्याआधींच, १९७१ च्या डिसेंबरांत, वारलेले होते.

प्लुटोनियमचा गोळा चोहोंकडून एकाच क्षणीं आवळावा लागतो, आणि तें काम साध्या स्फोटकांचें. या बाबतींत महाराष्ट्राचा वांटा पुण्यांतून आला. तेथील स्फोटकसंशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक-संचालक वामन दत्तात्रेय पटवर्धन यांचें नांव या स्फोटनरचनेशीं जोडलें जातें. १९७४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. चंडीगडच्या प्रयोगशाळेंत वेंकटेशन् यांच्या हाताखालीं हेंच काम चाललें होतें. तुर्भ्याच्या तरुण अभियंत्यांत अनिल काकोडकर होते. सर्व मिळून पाऊणशेंच्या आसपास शास्त्रज्ञ. त्यांपैकीं पुष्कळांच्या घरींहि ते काय करतात हें कोणास ठाऊक नव्हतें.

७ सप्टेंबर १९७२ रोजीं इंदिरा गांधी तुर्भ्यास आल्या. तयारी दाखविण्यांत आली आणि त्यांनीं तोंडी होकार दिला. कागद झाला नाहीं. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत पाऊस पडलाच नव्हता. मराठवाड्याचीं माणसें सडकेच्या कामावर खडी फोडीत होतीं, मुलांना सुकडी वांटली जात होती आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो घ्यावा लागत होता. त्या दुष्काळांतून पुढें रोजगार हमीचा कायदा निघाला, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. एकाच राज्यांत, एकाच भाद्रपदांत या दोन गोष्टी चाललेल्या होत्या. पहिलीचा जमाखर्च तालुक्याच्या हजेरीपटावर दररोज लिहिला जात होता, अंगठ्याच्या ठशासह. दुसरीचा कोठेंच लिहिला जात नव्हता.

१८ मे १९७४ च्या सकाळीं ८ वाजून ५ मिनिटांनीं राजस्थानांत पोखरणजवळ, जमिनीखालीं १०७ मीटरांवर, स्फोट झाला. १९६३ च्या करारानें हवेंतील स्फोटास भारतानें स्वतःस बंदी घालून घेतलेली असल्यामुळें तो भूगर्भांत करणें भाग होतें. सरकारनें १२ किलोटन सांगितले. परदेशीयांचा अंदाज त्याहून कमी होता. प्लुटोनियम सायरसचें. देशांत तेव्हां रेल्वेचा प्रचंड संप चालूं होता आणि महागाईनें कळस गांठला होता. तरी त्या दिवशीं लोकांना आनंद झाला हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मंत्रिमंडळांतील बहुतेकांना ही गोष्ट लोकांबरोबरच कळली. खर्च किती, असें विचारलें गेलें तेव्हां उत्तर मिळालें: सुमारें बत्तीस लाख रुपये.

पुन्हा तोफेच्या धातूचेंच वजन झालें. मागचें सोडा, पुढचें पाहिलें तरी तो आकडा अपुरा पडतो. कॅनडानें ताबडतोब सहकार्य थांबविलें. रावतभाट्याची दुसरी भट्टी त्यांच्या मदतीनें उभी राहत होती. ती रखडली आणि १९८१ मध्यें चालूं झाली. अमेरिकेनें १९७८ सालीं कायदा केला आणि तारापूरचें जळण अडलें. मग १९८२ पासून फ्रान्सकडून तें आणावें लागलें. अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांनीं १९७५ मध्यें लंडनास एकत्र बसून जो संघ केला, तो मुख्यतः या स्फोटामुळेंच. त्या संघाचें दार भारताला ६ सप्टेंबर २००८ पर्यंत बंद होतें. चौतीस वर्षें. तें उघडण्याच्या वाटाघाटींत अणुशक्ति मंडळाचे अध्यक्ष म्हणून जे होते ते काकोडकर. पोखरणच्या वेळीं ते तिशींत होते. या बंदीमुळें येथल्या कारागिरांना पुष्कळ वस्तु स्वतः बनवाव्या लागल्या आणि त्या त्यांनीं बनविल्या, हीहि जमेची बाजू आहे. ती वगळणें अन्यायाचें होईल. पण ती बत्तीस लाखांत नव्हती, तशी नामेची बाजूहि नव्हती.

तो स्फोट ‘शांततामय’ होता असें सरकार वर्षानुवर्षें सांगत आलें. कॅनडाशीं झालेल्या करारांतील शब्द पाळल्याचें दाखविण्यासाठीं तें सांगणें जरूरहि होतें. १९९७ सालीं रामण्णांनीं स्पष्ट सांगून टाकलें कीं तो बाँबच होता. पुढच्याच वर्षीं ११ आणि १३ मे रोजीं पोखरणास पुन्हा स्फोट झाले आणि या वेळीं त्यांस दुसरें नांव देण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाहीं. कृष्णमूर्ति राव यांच्या शंकेला तेव्हां पन्नास वर्षें पुरीं झालीं होतीं.

अमेरिकेशीं झालेल्या समझोत्याप्रमाणें सायरस भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजीं कायमची विझविण्यांत आली. त्या पन्नास वर्षांत तिनें नेमकें किती प्लुटोनियम दिलें, याचा आकडा सरकारनें प्रसिद्ध केलेला नाहीं.